ज्ञानाच्या गायरानाला कुंपण

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांनी ज्ञान आणि डेटा मुठीत घेतल्यामुळे भांडवलशाहीचा पोतच बदलला, असं बरेच अर्थशास्त्रज्ञ म्हणू लागले आहेत. पण मक्तेदारी काही आजची नाही. तेल, रेल्वे, पोलाद, टेलिफोन, सगळीकडे ती होऊन गेली. १९११ मध्ये अमेरिकेत न्यायालयाने स्टँडर्ड ऑइल या तेल कंपनीचे ३४ तुकडे केले आणि जग पुढे चालत राहिलं. मग या वेळी वेगळं काय आहे?

मी वीसेक वर्षं स्पर्धा कायद्याच्या प्रकरणांत आर्थिक विश्लेषण करतो आहे. कंपन्यांचे करार, आतला पत्रव्यवहार, किमतींच्या नोंदी चाळायच्या आणि बाजारात कोणाची किती सत्ता आहे ते आकड्यांत मांडायचं, असं हे काम. तिथून जे दिसलं ते सांगतो. जुना मक्तेदार वस्तूचा मालक असे. आजचा मक्तेदार दुसऱ्यांच्या शिकण्याचा मालक झाला आहे. माल दुसऱ्याने विकायचा, शोध दुसऱ्याने लावायचा, चुकाही दुसऱ्यानेच करायच्या, आणि त्यातून येणारं शहाणपण मात्र एकाच कोठारात साठायचं. त्या कोठाराच्या दारात बसून जे मिळतं त्याला आपण सवयीने नफा म्हणतो. त्यातला बराचसा भाग खरं तर खंड आहे, जमीनमालक कुळाकडून घेतो तसा.

'डेटा म्हणजे नवं तेल' हे वाक्य मी इतक्या सादरीकरणांत पाहिलं आहे की आता ते पडद्यावर आलं की माझं लक्ष खिडकीबाहेर जातं. तेल एकाने जाळलं की दुसऱ्याला उरत नाही. डेटा आणि ज्ञान कितीही जणांनी वापरलं तरी झिजत नाही. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्येच हा पेच नीट मांडून ठेवला आहे: माहिती पहिल्यांदा निर्माण करायला खर्च येतो, पण एकदा झाली की ती वाटायला जवळजवळ काहीच लागत नाही. समाजाच्या दृष्टीने तिची योग्य किंमत शून्य. पण किंमत शून्य ठेवली तर ती निर्माण कोण करणार? तेव्हा ज्ञानाच्या बाजारातली टंचाई निसर्गाने दिलेली नसते. ती कोणीतरी घडवावी लागते, आणि कशी घडवली जाते हे पाहिलं की आजच्या भांडवलशाहीचं अर्धं यंत्र उलगडतं.

पहिलं कुंपण कायद्याने घातलं. त्यात १९८० हे वर्ष मोलाचं. त्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, आनंद मोहन चक्रवर्ती यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये घडवलेल्या आणि खनिज तेल पचवणाऱ्या जिवाणूवर पेटंट मिळू शकतं असा निकाल दिला, पाच विरुद्ध चार मतांनी. त्याच वर्षी बे-डोल कायदा झाला आणि सरकारी पैशांतून झालेल्या संशोधनावर विद्यापीठांना स्वतःची पेटंटं घेऊन ती कंपन्यांना देता येऊ लागली. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेबरोबर बौद्धिक संपदेचा ट्रिप्स करार लागू झाला आणि किमान २० वर्षांचं पेटंट हा जवळजवळ साऱ्या जगाचा नियम बनला. जे गायरान होतं त्याचे सातबारे तयार झाले.

तरीही पेटंटमध्ये एक सौदा होता. शोध कसा लावला ते जगासमोर लिहून द्यायचं, त्या बदल्यात २० वर्षांचा एकाधिकार मिळवायचा, आणि मुदत संपली की शोध सर्वांचा. दुसरं कुंपण या सौद्यातही बसत नाही. वापरकर्त्यांच्या डेटावर बहुतेक देशांत कोणाचीच मालकी कायद्याने ठरलेली नाही. खटल्याच्या कागदांत 'हा डेटा अमुकच्या मालकीचा' असा दस्तऐवज मला कधी सापडलेला नाही. सापडतात ते करार, प्रवेशाच्या परवानग्या, सर्व्हरच्या चाव्या. म्हणजे मालकी नाही, पण ताबा पक्का. आणि या ताब्यात ज्ञान उघड करण्याची अट नाही, संपण्याची तारीखही नाही. पेटंटपेक्षा हा सौदा कितीतरी फायद्याचा, कारण यात समोरचा पक्षच नाही.

हे चक्र आतून कसं चालतं त्याचा उत्तम पुरावा गूगलविरुद्धच्या खटल्यात पुढे आला. ५ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेतले न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगल हा इंटरनेट शोधाच्या बाजारातला मक्तेदार आहे आणि ती मक्तेदारी त्याने बेकायदा मार्गांनी टिकवली, असा निकाल दिला. वृत्तपत्रांनी उचलला तो पैशाचा आकडा: फोन आणि ब्राउझरवर आपोआप गूगलच उघडावं यासाठी कंपनीने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजले, आणि २०२२ मध्ये एकट्या ॲपलला २० अब्ज. माझ्या लेखी त्याहून बोलके आकडे त्या निकालपत्रात पुढे आहेत. गूगलकडे १३ महिन्यांत जेवढा वापरकर्त्यांचा डेटा जमतो तेवढा जमवायला मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्राला साडेसतरा वर्षं लागतील. आणि ३७ लाख वेगवेगळ्या शोधवाक्यांची तपासणी केली तेव्हा त्यातली ९३ टक्के फक्त गूगलला दिसलेली निघाली. फक्त बिंगला दिसलेली ४.८ टक्के.

आता याचा अर्थ लावू. कोणीतरी काहीतरी शोधतो, दहा दुवे येतात, तो तिसऱ्यावर टिचकी मारतो, लगेच परत येतो आणि पाचव्यावर रमतो. एवढ्यात त्याने यंत्राला शिकवलं की या प्रश्नाला तिसरं उत्तर फोल आणि पाचवं बरं. तो ग्राहक आहे, जाहिरातदारांना विकला जाणारा मालही आहे, आणि या दोन्हींच्या जोडीला बिनपगारी मास्तर आहे. उत्तरं सुधारतात, म्हणून लोक अधिक येतात, म्हणून शिकवणी वाढते. असतील शितं तर जमतील भुतं, एवढ्यावर हे थांबत नाही. इथे भुतं स्वतःच शितं शिजवतात.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरं नाही. गूगलचे दीर्घकाळ मुख्य अर्थतज्ज्ञ राहिलेले हॅल व्हेरियन सांगत आले की डेटाचा फायदा घटता असतो. पहिले लाख नमुने खूप शिकवतात, पुढचे लाख थोडं, त्यापुढचे जवळजवळ काहीच नाही. मग ढीग मोठा असून काय उपयोग? सरासरी पाहिली तर हे खरं आहे. हवामान किंवा सामन्याचा निकाल विचारणाऱ्या प्रश्नांना छोटी कंपनीही चांगलं उत्तर देते. पण लोक विचारतात त्यात विरळ प्रश्न असंख्य असतात: एखाद्या दुर्मीळ औषधाचा दुष्परिणाम, जुन्या यंत्राचा सुटा भाग, दोनच गावांत असलेलं आडनाव. असा प्रश्न वर्षातून एकदा येतो आणि ज्याच्या दारात येतो त्यालाच तो दिसतो. ९३ आणि ४.८ मधली दरी ती हीच. वापरकर्ता शोधयंत्र निवडतो ते सोप्या प्रश्नाच्या उत्तरावरून नव्हे. अवघड प्रश्नाला कोण फसवत नाही यावरून.

याच निकालपत्रात आणखी एक नोंद आहे, जी वाचून मी पान उलटायचा थांबलो होतो. २०२० मध्ये गूगलने स्वतःच एक अभ्यास केला: शोधाचा दर्जा मुद्दाम बराच खालावला तर उत्पन्न किती घटेल? उत्तर आलं, घटणार नाही. भांडवलशाहीच्या बाजूने जो सर्वांत जुना युक्तिवाद केला जातो तो हा की माल वाईट दिला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. इथे कंपनीने मोजून पाहिलं आणि गिऱ्हाईक जात नाही असं तिला आढळलं. दर्जा खालावला, असं मी म्हणत नाही. पण तो राखायचा की नाही हा निर्णय बाजाराकडून निघून मालकाच्या मर्जीवर आला, हे त्या अभ्यासाने कागदावर आणलं.

आमच्या व्यवसायाला हे उशिरा कळलं, हेही कबूल करायला हवं. विलीनीकरण तपासताना आम्ही उलाढाल बघत असू. उलाढाल किरकोळ, तर धोका किरकोळ. फेसबुकने २०१२ मध्ये इन्स्टाग्राम घेतलं तेव्हा त्यात १३ माणसं होती आणि कमाई शून्य. किंमत दिली एक अब्ज डॉलर. ती तफावतच खरं तर सगळं सांगत होती. २०१४ मध्ये १९ अब्ज डॉलरला व्हॉट्सॲप घेण्याचा करार झाला, तेव्हा दोन्हीकडची खाती आपोआप आणि खात्रीने जुळवता येणार नाहीत असं फेसबुकने युरोपीय आयोगाला सांगितलं. २०१६ मध्ये नेमकी ती जुळवणी करणारं धोरण आलं. दिशाभूल केल्याबद्दल आयोगाने २०१७ मध्ये ११ कोटी युरोंचा दंड केला. विलीनीकरण तसंच राहिलं. मी स्वतः काम केलेल्या एका छोट्या प्रकरणात आम्ही बाजारहिस्सा अगदी दशांशापर्यंत काढला होता आणि ग्राहकांच्या नोंदींचा उल्लेख परिशिष्टात एका ओळीत होता. ती कंपनी घेणाऱ्याने ती घेतली होती त्या एका ओळीसाठी.

हाच प्रकार विक्रीमंचांवर होतो. ॲमेझॉनसारख्या मंचावर हजारो स्वतंत्र विक्रेते आपला माल मांडतात. कोणता माल चालतो, कोणत्या किमतीला हात आखडतो, कोणत्या रंगाला परत येणं जास्त, हे विक्रेता स्वतःचे पैसे घालवून शिकतो. मंच ते फुकटात शिकतो, तेही सर्व विक्रेत्यांकडून एकाच वेळी. त्यात मंच स्वतःही विक्रेता असेल, तर त्याच्याशी स्पर्धा म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. युरोपीय आयोगाने जुलै २०१९ मध्ये याचीच चौकशी सुरू केली. डिसेंबर २०२२ मध्ये ॲमेझॉनने, विक्रेत्यांचा खासगी डेटा स्वतःच्या किरकोळ विक्रीसाठी वापरणार नाही, अशी हमी दिली आणि प्रकरण मिटलं.

इथे नफा आणि खंड यांतला फरक नीट पाहायला हवा, कारण 'भांडवलशाही बदलली' म्हणजे काय याचा गाभा तो आहे. कारखानदार यंत्र घेतो, माणसं लावतो, माल काढतो, धोका पत्करतो. त्यातून उरतो तो नफा. एकोणिसाव्या शतकातले अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी जमिनीच्या खंडाचं कोडं सोडवलं ते असं: सुपीक जमीन थोडी असते म्हणून मालकाला, त्याने नांगराला हात न लावताही, जास्तीचं उत्पन्न मिळतं. ॲप विकणाऱ्याकडून ३० टक्के घेणारं दुकान या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे. दुकान उभारायला खर्च आला, ते चालवायलाही येतो, हे खरं. पण ३० हा आकडा त्या खर्चातून आलेला नाही. दुसरा रस्ता नसणं, हे त्याचं मूळ. १० लाख डॉलरपेक्षा कमी कमाई असणाऱ्यांसाठी ॲपलने २०२१ पासून तो १५ केला, म्हणजे नियामकांचं आणि न्यायालयांचं लक्ष वळलं तसा तो हलला. खर्चाने ठरलेली किंमत अशी हलत नाही.

शिवाय हा खंड वसूल करायला मालकी लागत नाही. पूर्वी एखाद्या उद्योगावर हुकूम चालवायचा तर तो विकत घ्यावा लागे. आता लाखो छोटे व्यवसाय नावापुरते स्वतंत्र असतात, कर्ज त्यांचं, तोटा त्यांचा, माणसंही त्यांचीच. पण कोणता माल वर दिसेल, किंमत किती ठेवली तर दिसणं बंद होईल, परताव्याचा नियम काय, हे मंच ठरवतो. नियोजनबद्ध अर्थव्यवस्था अशक्य आहे असं शतकभर ऐकत आलो. तिचा एक खासगी अवतार आपल्या डोळ्यांसमोर चालला आहे.

हे पडद्यावरच्या धंद्यांपुरतंच आहे असं वाटत असेल तर शेतीकडे पाहा. २०१३ मध्ये मॉन्सँटो या बियाणं कंपनीने द क्लायमेट कॉर्पोरेशन ही हवामान आणि शेतांचा डेटा हाताळणारी कंपनी सुमारे ९३ कोटी डॉलरना घेतली. जॉन डिअरच्या ट्रॅक्टरमध्ये आता इतकं सॉफ्टवेअर असतं की बिघाड शोधायचं पूर्ण साधन फक्त अधिकृत विक्रेत्यांकडे ठेवल्याचा आरोप करत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या स्पर्धा नियामकाने जानेवारी २०२५ मध्ये कंपनीवर दावा लावला. लोखंड शेतकऱ्याचं, पण ते कशाने बंद पडलं हे जाणण्याचा हक्क दुसऱ्याचा. मक्तेदारी वस्तूवरून ज्ञानाकडे सरकली म्हणतात ती अशी, अक्षरशः बोल्ट-नटापर्यंत.

आता विज्ञानाकडे येतो, कारण मला स्वतःला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग तो आहे, आणि तिथे खलनायकही सापडत नाही. प्रथिनांच्या रचनांची जागतिक पेढी, प्रोटीन डेटा बँक, १९७१ मध्ये सुरू झाली. जगभरच्या प्रयोगशाळांनी, मुख्यतः सार्वजनिक पैशावर, एकेक रचना महिनोन्महिने खपून काढली आणि तिथे मोकळी ठेवली. या खजिन्यावर शिकून गूगलच्या डीपमाइंड या प्रयोगशाळेने प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणारं अल्फाफोल्ड घडवलं. २०२० मध्ये त्याच्या दुसऱ्या आवृत्तीने पन्नास वर्षांचं कोडं बऱ्याच अंशी सोडवलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणावं, तर तेही न्याय्य नाही. त्यांनी त्या आवृत्तीचा कोड खुला केला आणि २०२२ पर्यंत २० कोटींहून अधिक अंदाजित रचना जगाला फुकट दिल्या. डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला, तो योग्यच. पण मे २०२४ मध्ये तिसरी आवृत्ती आली ती कोडशिवाय. शास्त्रज्ञांनी उघड नाराजी व्यक्त केल्यावर नोव्हेंबरमध्ये कोड मिळाला, तोही बिगरव्यापारी वापरापुरता. दरम्यान त्याच समूहाची औषध कंपनी ती पद्धत वापरू शकत होती. कोणी बेकायदा काही केलं नाही. फक्त दार उघडं ठेवायचं की लोटायचं हा निर्णय, ज्यांनी पन्नास वर्षं कोठार भरलं त्यांच्या हातात राहिला नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेत हेच मोठ्या पटावर झालं. आजच्या, चॅटजीपीटीसारख्या भाषा-प्रारूपांचा पाया असलेली ट्रान्सफॉर्मर रचना २०१७ मध्ये गूगलच्या आठ संशोधकांनी खुल्या निबंधात मांडली, आणि इतरांनी ती उचलून गूगललाच घाम फोडला. म्हणजे कल्पना मोकळी असेल तर मक्तेदाराचं आसन हलतं. पण हलवणाऱ्यांचं पुढे काय झालं तेही बघा. प्रारूप शिकवायला प्रचंड संगणनशक्ती लागते आणि ती मोजक्या क्लाउडवाल्यांकडे, म्हणजे संगणक भाड्याने देणाऱ्या कंपन्यांकडे आहे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये अशी प्रारूपं घडवणाऱ्या ओपनएआयमध्ये एक अब्ज डॉलर घातले, पुढे त्याहून कितीतरी जास्त. ॲमेझॉन आणि गूगल यांनी तशाच दुसऱ्या कंपनीत, अँथ्रोपिकमध्ये. गुंतवणुकीचा चांगला हिस्सा संगणनाच्या खरेदीतून त्याच गुंतवणूकदाराकडे परत जातो. फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये या भागीदाऱ्यांवर अहवाल दिला, त्यात या परतीच्या प्रवाहाची आणि भागीदाराला मिळणाऱ्या आतल्या माहितीची नोंद आहे. विलीनीकरण झालंच नाही, मग विलीनीकरणाचा कायदा लावणार कशाला?

आणि या प्रारूपांचं खाद्य काय, तर लोकांनी दोन-तीन दशकं मोकळ्या मनाने लिहिलेलं सगळं. परिणाम असा की आता जो तो आपल्या अंगणाला तारा ओढतो आहे. रेडिट या चर्चामंचाने २०२३ मध्ये डेटाच्या मोठ्या वापरावर शुल्क लावलं. न्यूयॉर्क टाइम्सने त्याच वर्षाच्या डिसेंबरात ओपनएआय आणि मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. त्यांची तक्रार मला समजते. पण कुंपणाला उत्तर म्हणून प्रत्येकाने कुंपणच घातलं, तर आत जाण्याचं भाडं परवडणारे तेच चार-पाच जण उरतील.

मग ही भांडवलशाही संपून नवी सरंजामशाही आली का? असं म्हणण्याची टूम आहे, आणि खंड, कूळ हे शब्द मीही वर वापरलेच. तरी मला ते पटत नाही. सरंजामदार वसुली करून ती महालात आणि लढायांत उडवत असे. उत्पादनाचं तंत्र शतकानुशतकं तेच राही. इकडे मायक्रोसॉफ्ट, अल्फाबेट (गूगलची पालक कंपनी), ॲमेझॉन आणि मेटा (पूर्वीची फेसबुक) या चौघांनी २०२४ या एका वर्षात २०० अब्ज डॉलरहून अधिक भांडवली खर्च केला. एकमेकांच्या धाकाने केला. मागे पडलो तर पुसले जाऊ ही भीती भांडवलदाराची आहे, वतनदाराची नव्हे. स्पर्धा संपलेली नाही. ती वरच्या मजल्यावर गेली आहे. खालच्या मजल्यावर लाखो जण गिऱ्हाइकासाठी झगडतात, वरच्या मजल्यावर चार-पाच जण खालच्यांच्या भाड्यासाठी. दोन मजल्यांमधला जिना मात्र काढून घेतलेला आहे.

बाकीच्या अर्थव्यवस्थेवरचे परिणाम भराभर सांगतो. अर्थशास्त्रज्ञ यान डी लोकर आणि सहकाऱ्यांनी काढलं की अमेरिकी कंपन्या उत्पादन खर्चावर किंमत लावत त्यातलं सरासरी अंतर १९८० मध्ये २१ टक्के होतं, ते २०१६ पर्यंत ६१ टक्क्यांवर गेलं. खर्चात काय धरायचं यावर बराच वाद आहे, पण दिशेवर फारसा नाही. ओशन टोमो या सल्लागार संस्थेच्या हिशोबाने एस अँड पी ५०० या निर्देशांकातल्या बड्या अमेरिकी कंपन्यांच्या बाजारमूल्यात अमूर्त मालमत्तेचा (पेटंट, सॉफ्टवेअर, नाममुद्रा वगैरेंचा) वाटा १९७५ मध्ये १७ टक्के होता, २०२० मध्ये ९०. याला 'ज्ञान अर्थव्यवस्था' म्हणून टाळ्या पडतात. मला इथे थांबवावंसं वाटतं, कारण हा आकडा वजाबाकीने येतो: शेअर बाजारातलं मूल्य वजा यंत्रं-इमारती. जे उरलं त्यात ज्ञान किती आणि भविष्यात खंड मिळत राहील ही खात्री किती, हे वजाबाकी सांगत नाही. आणि अमूर्त मालमत्तेला पत्ता नसतो, म्हणून कर कमी तिकडे ती राहायला जाते. ॲपलने आयर्लंडला थकलेल्या करापोटी १३ अब्ज युरो द्यावेत असा निकाल युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये दिला, तेव्हा आयर्लंड इतकी वर्षं ते पैसे नकोत म्हणून भांडत होतं. यावर वेगळं भाष्य काय करणार.

सुरुवातीचा प्रश्न उपायांबद्दलचा नव्हता, पण निदान बरोबर आहे की नाही ते औषधाने कळतं. सर्वांत लोकप्रिय मागणी म्हणजे तोडा. मला तोडण्याचं वावडं नाही, पण शिकण्याचं चक्र अखंड राहिलं तर दोन तुकड्यांपैकी एक पुन्हा वाढतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये मेटाकडून इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप वेगळे करण्यासाठीचा खटला अमेरिकी सरकार हरलं, कारण न्यायाधीश बोसबर्ग यांच्या मते, बाजार आता टिकटॉक आणि यूट्यूब धरूनच मोजायला हवा. दहा-बारा वर्षांपूर्वीचं विलीनीकरण आजच्या बाजारात उलटवणं किती कठीण आहे ते त्यातून दिसलं. दुसरी मागणी गोपनीयतेची. ती हवीच, पण जपून. एकाच कंपनीच्या दहा सेवांमध्ये डेटा फिरणं सोपं आणि दुसऱ्या कंपनीला देणं अवघड, असा नियम झाला की सर्वांत मोठा तो सर्वांत सुरक्षित. ॲपलने २०२१ मध्ये इतर ॲपना माग काढण्यासाठी परवानगी मागायला लावली. ती ज्या पद्धतीने राबवली त्यात स्पर्धेला बाधा आली असं ठरवून फ्रान्सच्या स्पर्धा नियामकाने मार्च २०२५ मध्ये १५ कोटी युरोंचा दंड केला. खासगीपणाचं रक्षण आणि कुंपणाची उंची एकाच विटांनी वाढू शकते.

मला सर्वांत शिकवून जाणारं उदाहरण १९५६ मधलं आहे. एटी अँड टी या टेलिफोन मक्तेदाराशी अमेरिकी सरकारने तडजोड केली. कंपनी तोडली नाही. पण तिच्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेची तोवरची सगळी, म्हणजे ७८२० पेटंटं कोणालाही बिनशुल्क वापरायला खुली करायला लावली. ट्रान्झिस्टर त्यात होता. त्यावर झालेल्या अभ्यासात दिसतं की या शोधांवर आधारलेलं नवं संशोधन वाढलं, मुख्यतः तरुण आणि छोट्या कंपन्यांकडून. पण त्यातलं एक बारीक निरीक्षण लोक विसरतात: टेलिफोनच्या उपकरणांच्या क्षेत्रात वाढ झालीच नाही. तिथे बाजाराचं दार एटी अँड टीकडेच होतं. ज्ञान मोकळं झालं, पण ते वापरून माल विकायला जागाच नव्हती. तिथली कोंडी फुटायला एटी अँड टीची १९८४ ची फाळणी लागली. म्हणजे कोठार उघडणं आणि दार मोकळं करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि एकाने दुसरं होत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये मेहता यांनी गूगलच्या प्रकरणात जो उपाय दिला त्याला म्हणून मी इतरांइतकी नावं ठेवत नाही. क्रोम हा ब्राउझर विकायला लावला नाही यावरून बरीच ओरड झाली. पण अनन्य करारांवर बंदी घातली आणि शोधसूचीचा (गूगलने नोंदवलेल्या वेबपानांच्या यादीचा) व वापरकर्त्यांच्या वर्तनाचा काही डेटा पात्र स्पर्धकांना द्यायला लावला, म्हणजे निदान दोन्ही कामांना हात घातला. कमकुवत दुवा मला दिसतो तो असा की ॲपल आणि इतरांना पैसे देणं पूर्ण बंद झालेलं नाही, त्यामुळे दार अर्धंच उघडलं. आणि डेटा किती ताजा मिळतो यावर सारं अवलंबून आहे. शिकण्याच्या चक्रात कालचा डेटा म्हणजे चक्राचा फोटो. फोटो फिरत नाही.

हा आदेश ६ वर्षांचा आहे. त्या काळात गूगलचा बाजारहिस्सा ९० टक्क्यांच्या किती खाली येतो याच्या बातम्या दर तिमाहीला येतील. मी त्या फारशा वाचणार नाही. मला पुन्हा ३७ लाख शोधवाक्यं घेऊन ती तपासणी केलेली पाहायची आहे, आणि ४.८ च्या जागी तेव्हा काय येतं ते.